डोकं दाराकडे

कणीमावशीचं बोलणं ऐकलंत तर तुम्हाला वाटेल, तळं उपसायला ही बाई स्वतः बादली घेऊन उभी होती. शाळेची सहल आली की ती शेडच्या दारात कमरेवर हात ठेवायची आणि विचारायची, "पोरांनो, तुम्ही आत्ता तळ्याच्या तळाला उभे आहात. पोहता येतं ना सगळ्यांना?" पोरं पटकन पायाखाली बघायची. त्यांच्याबरोबर आलेल्या बाईसुद्धा बघायच्या. हे मावशी हमखास टिपून ठेवायची आणि घरी सांगून पोट धरून हसायची.

त्यात खोटं काहीच नव्हतं. ते अख्खं गाव, त्याचं स्टेशन, दवाखाना, नजर पोचेल तिथवर पसरलेली कोबी-बटाट्याची शेतं, सगळं एका प्रचंड तळ्याच्या तळावर वसलेलं होतं. भोवती चुनखडीचे डोंगर आणि मध्ये ही परात. डोंगरातून उतरणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तळं साचलेलं. "परात पाण्याने भरलेली आणि माणसाला तिच्यात पीठ मळायची हौस," मावशी म्हणायची. "मग काय, बसा उपसत!"

आणि उपसलं की लोकांनी! पहिला खटाटोप चारशे वर्षांपूर्वीचा. तिथल्या राजाने म्हणे डोंगराला चर खणून पाणी पलीकडे सोडलं. दोन वर्षं पीक आलं, राजा मिशीला पीळ देत फिरला, आणि तिसऱ्या वर्षी चराच्या कडा ढासळल्या. तळं परत आलं ते थेट राजवाड्याच्या पायरीला. मग दीडशे वर्षांनी चाळीस पवनचक्क्या आल्या. त्यांनी निम्मं तळं हटवलं, पण एका वर्षी महिनाभर वारा पडला आणि पाणी लोकांच्या चुलीत शिरलं. शेवटी आले वाफेचे पंप. अकरा वर्षं ते धडधडत राहिले, आणि गेलं बाई एकदाचं तळं. मासे धरणाऱ्यांनी होड्या उलट्या करून गोठ्यांवर छप्पर म्हणून घातल्या.

"तीनदा हाकललं तेव्हा गेलं," मावशी सांगायची, "पण रुसून गेलं." कारण तळ्याचा तळ म्हणजे गवत-बोरू कुजून झालेली काळी भुसभुशीत माती. पाणी गेलं तशी ती वाळत आणि खचत गेली. घरं उभी होती खोल रोवलेल्या खांबांवर, ती जागच्या जागी राहिली आणि जमीन मात्र खाली खाली जात राहिली. म्हणून त्या गावात दर दहा-बारा वर्षांनी घराला खालून एक पायरी जोडावी लागायची. मावशी लग्न होऊन आली तेव्हा दाराला तीन पायऱ्या होत्या. आता सहा झाल्या होत्या आणि तिचे गुडघे रोज त्या मोजत होते.

तिची नोकरी म्हणाल तर चिखल सांभाळायची. पाणी-निचरा खात्याची एक लांबलचक शेड होती. खात्याची माणसं ठिकठिकाणी बोअर घ्यायची, नळी जमिनीत घालून मातीचा अखंड दांडा बाहेर काढायची. त्या दांड्याला कोअर म्हणतात. तो मीटर-मीटरचा कापायचा, मेणकापडात गुंडाळायचा आणि लाकडी पेटीत निजवायचा. एका पेटीत चार खण, म्हणजे चार मीटर जमीन. पेट्या रचायच्या, लेबलं लावायची, मागितली की काढून द्यायची. ऐकायला रटाळ वाटतं ना? एकतीस वर्षं तिला एक दिवस रटाळ वाटलं नाही.

नाव पडलं ते तिच्या दातांवरून. माती हातात घेऊन सगळ्यांनाच ती सारखी वाटते. नुसता गाळ आहे की खरी चिकणमाती, हे ओळखायची जुनी पद्धत म्हणजे चिमूटभर पुढच्या दातांत धरायची. चिकणमाती लोण्यासारखी सरकते. गाळ असला तर कणी लागते. मावशीला एवढीशी कणीसुद्धा लागायची. मोठमोठे साहेब भिंगं लावून बसायचे, आणि ही चिमूट चावून, थुंकून सांगायची, "कणी आहे." मग प्रयोगशाळेचा कागद आठ दिवसांनी यायचा आणि मुकाट्याने तेच म्हणायचा.

तिला हे सगळं शिकवलं ते बोअरच्या मिस्तरींनी. मिस्तरी म्हणजे कडक मामला. ती चोवीस वर्षांची असताना कामाला लागली, त्याच्या आदल्या वर्षीच गावात पूर आला होता. पंप बंद पडले आणि शेडच्या दारातून पाणी कमरेएवढं आत शिरलं. नोंदींच्या वह्यांचा लगदा झाला, पेट्यांवरची कागदी लेबलं सुटून तरंगली. लाकडावर बोअरचा आणि पेटीचा नंबर कोरलेला होता, तेवढाच वाचला. पुढच्या पुराच्या धास्तीने खात्याने ते दार विटांनी बुजवलं आणि समोरच्या, उंचावरच्या भिंतीत नवं दार पाडलं. मग ही पोरगी आली. पहिलं काम काय, तर जुन्या एकशे बारा पेट्यांवर नवी लेबलं चिकटवायची. कुठलं टोक वरचं, कुठलं खालचं.

"कसं ओळखायचं?" तिने विचारलं होतं.

"डोकं दाराकडे," मिस्तरी म्हणाले. "कोअरचं वरचं टोक नेहमी दाराकडे ठेवतो आपण. एवढं ध्यानात धर, बाकी सगळा चिखल आहे."

तिने ध्यानात धरलं. ठसठशीत अक्षरात एकशे बारा लेबलं लिहिली, दाराकडच्या टोकाला 'वर', पलीकडच्या टोकाला 'खाली'. मिस्तरींनी मान डोलावली. ते फार कमी वेळा डोलवायचे, म्हणून त्या दिवशी ती घरी जवळजवळ पळतच गेली.

आता एकतीस वर्षं पुढे या.

जमीन आणखी खचली होती, आणि त्यामुळे मोठा कालवा उथळ पडला होता. शेतांतलं पाणी त्याच्यात उतरेना. खात्याने ठरवलं, कालव्याचा तळ जमिनीपासून सात मीटरवर न्यायचा. वरची झडप लावून कालवा कोरडा केला, पंप थांबवले आणि यंत्रं उतरवली. तीन दिवसांची मुदत. त्याहून जास्त पंप बंद ठेवले तर वरची शेतं बुडतील. त्या कालव्यात पोकलेन चालवत होता मावशीचा जावई.

जावई तसा गुणी माणूस. एकच खोड, स्वतःच्या यंत्रावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव, असं त्याची बायकोच म्हणायची. मावशीचं आणि त्याचं छान जमायचं. ती त्याला जावईबापू म्हणायची, तो तिला सासूबाई म्हणायचा, आणि दोघंही एकमेकांना अहो-जाहो करत यथेच्छ चिडवायची. "सासूबाई, तुमच्या लेकीने आज भाजीत मीठ घातलं नाही." "घालू नको म्हणून मीच सांगितलंय, जावईबापू. खारट बोलणारी माणसं आहेत घरात."

खोदाईच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी शेडमध्ये होती. सोबत खात्याच्या नव्या भूगर्भवाल्या मॅडम. वयाने मावशीच्या मुलीपेक्षाही लहान, पण अंगात भारी उत्साह. सोमवारी पाहुणे येणार होते, आणि कालव्याशेजारच्या जुन्या नऊ नंबरच्या बोअरचा कोअर मॅडमना मांडून दाखवायचा होता. कालवा किती खोल न्यायचा, हे त्याच बोअरवरून ठरलं होतं. पुराच्या आधीचा बोअर. त्याचा कोअर आजवर कुणी चिरलेला नव्हता, नुसता बाहेरून पाहिलेला.

"मावशी, उभा चिरून बघू या का? आतलं किती सुंदर दिसेल!"

मावशीला तेवढंच हवं होतं. तिने बारीक दातांची करवत काढली. तिसऱ्या पेटीला हात घातला, जमिनीखाली आठ ते बारा मीटर. लेबलाप्रमाणे आठपासून अकरापर्यंत निळी चिकणमाती आणि शेवटचा एक मीटर वाळू. चिकणमाती आणि वाळू जिथे भेटत होत्या तो तुकडा तिने मेणकापडातून सोडवला, ओल्या फडक्याने पुसला आणि उभा चिरला. दोन फाका उघडल्या.

आणि ती ओरडली, "अगंबाई! मॅडम, पळत या! तळं आटलं होतं!"

"कुठलं तळं?"

"आपलं! हे बघा, भेगा!"

खरंच होतं. निळ्या चिकणमातीत वाळूच्या पाचरी घुसलेल्या होत्या, बोटभर, वीतभर. वाळलेल्या चिखलाला पडतात त्याच भेगा, आणि त्यांच्यात भरलेली वाळू. म्हणजे राजाच्याही हजारो वर्षं आधी कधीतरी तळं आपणहून कोरडं पडलं होतं, तळाचा चिखल उन्हात तडकला होता, डोंगरातल्या ओढ्यांनी त्याच्यावर वाळू आणून टाकली होती, आणि मग पुन्हा पाणी भरलं होतं. मॅडम गुडघ्यांवर बसल्या. "मावशी, हे कुणालाच माहीत नाहीये! तीनदा कसलं, चारदा आटलंय!" दोघींनी एकमेकींचे चिखलाचे हात धरले आणि शेडमध्ये अक्षरशः एक गिरकी घेतली.

गिरकी थांबली तेव्हा मावशी पेटीच्या दुसऱ्या बाजूला आली होती. तिने तिथून भेगांकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"मॅडम," ती म्हणाली, "जमीन कधी खालून तडकते का?"

"म्हणजे?"

"भेग वर रुंद असते आणि खाली निमुळती होत जाते. शेतात बघा, अंगणात बघा. ऊन वरून लागतं ना. आणि लेबलाप्रमाणे बघितलं तर या भेगा खाली रुंद आहेत आणि वर निमुळत्या. वाळू खालून वर चढलीय. असं कसं होईल?"

मॅडमनी लेबल बघितलं, भेगा बघितल्या, पुन्हा लेबल बघितलं. "पेटी उलटी आहे?"

मावशी समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिथे कॅलेंडर लटकत होतं, एकतीस वर्षं तीच लावत आली होती, आणि कॅलेंडरच्या भोवती गिलाव्यात दाराची चौकट स्वच्छ दिसत होती. बुजवलेलं जुनं दार. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच! या एकशे बारा पेट्या पुराच्या आधी ठेवलेल्या, त्यांची डोकी त्या दाराकडे होती. पुरानंतर दार या बाजूला आलं, पेट्या जिथल्या तिथे राहिल्या, आणि चोवीस वर्षांच्या एका शहाण्या पोरीने नव्या दाराकडच्या टोकाला 'वर' लिहून टाकलं.

पेटी फिरवली की बाराचे आठ होतात आणि आठाचे बारा. म्हणजे वाळू अकरावर नव्हतीच, ती आठावर होती. आणि त्या वाळूत काय असतं, हे मावशीला नीट माहीत होतं. डोंगरावर पडलेला पाऊस चुनखडीत मुरतो, त्या वाळूत उतरतो आणि चिकणमातीच्या झाकणाखाली कोंडून बसतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका बोअरची नळी त्या वाळूला लागली होती, तेव्हा पाणी मिस्तरींच्या टोपीसकट वर उडालं होतं.

"सात मीटरवर तळ," मॅडम पुटपुटल्या. "आपल्याला वाटतंय खाली चार मीटर झाकण आहे..."

"एक आहे," मावशी म्हणाली. "एकच मीटर. आणि जावई खाली आहे."

मॅडमनी फोन लावला. कालव्याचे साहेब उचलेनात. मावशीने जावयाला लावला, तर त्याचा फोन नेहमीप्रमाणे काठावर डब्याच्या पिशवीत. खात्याची गाडी पाहुण्यांच्या खुर्च्या आणायला गेलेली. "तुम्ही लावत राहा!" असं ओरडून मावशीने चिरलेली फाक कापडी पिशवीत टाकली, सायकल काढली आणि सुटली.

दीड किलोमीटर. काठाची वाट सरळ, पण खड्ड्यांची. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघ्यांनी असहकार पुकारलेला, पण ती सायकल अशी हाणत होती की शेतातली माणसं ताठ उभी राहून बघायला लागली. कुणीतरी विचारलं, "मावशी, आग लागली का?" "उलट!" ती ओरडली. डोक्यात एकच घणघणत होतं. ते अक्षर माझं आहे. ते लेबल माझं आहे. माझ्या हाताने मी त्याला तिथे उतरवलंय.

कालव्याचे साहेब काठावर नकाशा धरून उभे होते. खाली जावयाचा पोकलेन आणि फावडी घेतलेली सात-आठ माणसं. इंजिनाचा नुसता कल्लोळ.

"साहेब, थांबवा! खाली एकच मीटर झाकण आहे!"

"मावशी? अहो, आधी श्वास घ्या."

"श्वास नंतर! हे बघा!" तिने फाक काढली, भेगा दाखवल्या, एका दमात सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता. पण मुदत त्याच दिवशी संपत होती, वरच्या शेतांतून शिव्यांचे फोन येत होते, आणि समोर एक घामाघूम बाई मातीचा तुकडा नाचवत होती.

"हे बघा, अहवाल आहे, सहीशिक्क्याचा. नऊ नंबरला अकरा मीटरपर्यंत चिकणमाती. पेटीवरच्या लेबलावरून घेतलंय सगळं. लेबल खोटं म्हणता?"

"खोटं आहे!"

"कशावरून? एका भेगेवरून?"

"माझ्यावरून!" मावशी किंचाळली. "ते लेबल मी लिहिलंय, साहेब. पेट्या जुन्या दाराच्या आणि मी नवं दार बघून लिहिलं. एकशे बाराच्या एकशे बारा उलट्या लिहिल्या. तुमचा अहवाल माझ्या अक्षरावर उभा आहे आणि ते अक्षर चुकलंय. आणखी काय पुरावा देऊ?"

साहेबांच्या अख्ख्या नोकरीत कुणी आपणहून 'चूक माझी' असं म्हणत त्यांच्यापर्यंत आलेलं नव्हतं, तेव्हा यावर काय करायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मॅडम. मावशी थांबली नाही. ती शिडी धरून खाली उतरायला लागली होती.

जावयाने तिला येताना पाहिलं आणि केबिनमधून हात हलवला. "काय सासूबाई, डबा तर आणलाय मी! की लेकीने तक्रार केली?"

"बंद करा ते! बाहेर या!"

"शेवटचा कोपरा राहिलाय फक्त. एवढा उरकतो."

मावशी पोकलेनच्या चाकांवरच्या पट्ट्याजवळ पोचली आणि तिला ते दिसलं. यंत्राच्या पट्ट्यामागे वाटीएवढ्या जागेत माती बुडबुडत होती. निळ्या चिकणमातीतून पांढरी वाळू वर येत होती, भोवती बारीक कडं करत होती. एक, दोन, पुढे आणखी तीन. तिने वाकून चिमूट उचलली आणि दातांत धरली. कणी. कणीच कणी. आणि पाणी स्वच्छ, गार, दात ठणकवणारं. कालव्याचं गढूळ पाणी असं नसतं. हे डोंगराचं होतं.

"झाकण एक मीटरसुद्धा राहिलं नाही," ती म्हणाली. मग तोंड वर करून जिवाच्या आकांताने ओरडली, "अरे उतर! उतर आधी खाली!"

जावयाचा हात जागीच थबकला. नऊ वर्षांत तिने त्याला कधी अरे म्हटलं नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं. "मग मशीन उतारावरून वर घेतो. दोन मिनिटं लागतील."

"मशीन गेलं खड्ड्यात! ऐक माझं. लेबल मी चुकीचं लिहिलं म्हणून तू इथे उभा आहेस. माझी चूक आहे ही, आणि तू तिच्यात बुडालास तर मी कुठल्या तोंडाने घरी जाऊ?" ती रडत होती. तिला ते कळतही नव्हतं.

तो उडी मारून उतरला. त्याच क्षणी वरून साहेबांची शिट्टी वाजली, लांबलचक, तीनदा, म्हणजे सगळ्यांनी बाहेर. माणसं फावडी टाकून धावली. शिडीवर मावशी पुढे, जावई मागे. चौथ्या पायरीवर तिच्या गुडघ्यांनी संप केला, तेव्हा जावयाने, देवा क्षमा कर, सासूबाईंना खालून दोन्ही हातांनी ढकललं आणि पोत्यासारखं काठावर लोटून दिलं. एरवी या प्रकाराबद्दल दोघांनी आयुष्यभर तोंड लपवलं असतं.

सगळी माणसं वर आली. साहेबांनी दोनदा डोकी मोजली. मग सगळे काठावरून खाली बघत राहिले आणि काहीच होईना. एक जण हळूच म्हणाला, "मावशीने उगाच..." आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं. कालव्याचा तळ उचलला जात होता. दूध उतू जायच्या आधी साय फुगते तसा तो मधोमध फुगला, पोकलेन डावीकडे कलला, आणि फाड्कन तळ फुटला. पांढऱ्या वाळूचा आणि पाण्याचा लोट माणसाहून उंच उडाला. धडधड अशी की पायाखालचा काठ थरथरला. यंत्र एका बाजूवर आडवं झालं, केबिनच्या काचा फुटल्या, आणि बघता बघता नुसती पिवळी दांडी वर राहिली. मग एकदम सगळे ओरडायलाच लागले, एकमेकांच्या पाठीत बुक्के घालत. जावई मात्र मटकन खाली बसला. सीटकडे बघत होता बिचारा, म्हणजे सीट जिथे होती तिथल्या पाण्याकडे.

संध्याकाळपर्यंत कालव्यात अडीच मीटर पाणी होतं, तळ दिसेल इतकं नितळ. अर्धा गाव बघायला लोटला. मॅडम मावशीच्या गळ्यातच पडल्या. दोघींचे कपडे चिखलाने एकाच रंगाचे झाले होते. मग मॅडम तिच्या कानात म्हणाल्या, "चारदा, मावशी. शाळेच्या पोरांना आता चारदा सांगायचं." अशा दिवशीही मावशीला ते ऐकून गुदगुल्या झाल्या.

चौकशी झाली. साहेबांना मावशीबद्दल आता आदरच वाटत होता. त्यांनी अहवालात मोठ्या मायेने लिहिलं, 'काळाच्या ओघात लेबलावरील अक्षर पुसट झाल्याने गैरसमज झाला.' मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुसट? माझं अक्षर? अहो, पन्नास वर्षांनी वाचता येईल असं लिहिलंय मी. चुकीचं लिहिलं, असं घाला." मिस्तरींवर टाकू या, ते काय आता सांगायला येणार नाहीत, असंही कुणीतरी सुचवलं. त्यावर तिने ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर तो विषय निघाला नाही. अहवालात खरं ते आलं. आणखी एक गोष्ट त्यात आली. साहेबांच्या शिट्टीपासून तळ फुटेपर्यंत सहा मिनिटं गेली होती.

मग उरलं ते काम. एकशे बारा पेट्या तपासायच्या, लेबलं खरवडायची, नवी लावायची. खात्याने दोन माणसं देऊ केली, ती मावशीने नाकारली. पण रविवारी तिची लेक आली आणि काही न विचारता बाह्या सरसावून दुसरं टोक धरायला उभी राहिली. दोघी एकेक पेटी उतरवत होत्या, फिरवत होत्या. मावशी कोअरची एखादी फाक काढून लेकीला दाखवायची, हा शंखांचा थर बघ, इथे राखेचा आहे, कुठेतरी ज्वालामुखी झाला असणार. तिचं तोंड काही थांबत नव्हतं.

चाळिसाव्या पेटीला लेक म्हणाली, "आई, एक विचारू?"

"विचार की."

"खाली हे होते म्हणून तू धावलीस. समज, हे नसते. दुसरं कुणीतरी असतं, कुणाचा तरी नवरा. तरी सांगितलं असतंस? लेबल माझं आहे म्हणून?"

मावशीने हातातली फाक मेणकापडात गुंडाळली. तिला लगेच 'हो' म्हणता आलं असतं, आणि लेकीने विश्वासही ठेवला असता.

"सांगितलं असतं," ती म्हणाली. "पण आधी मॅडमबरोबर बसून एकदा चहा घेतला असता. कसं सांगायचं, ते ठरवायला."

शिट्टीनंतरची ती सहा मिनिटं दोघींनाही माहीत होती. मग मावशीने एकेचाळिसाव्या पेटीचं टोक धरलं, लेकीने दुसरं धरलं, आणि दोघींनी मिळून ती उचलली.